सक्तीच्या शिपाईगिरीचे प्रायश्चित्त

आपल्या देशात फौजेत जाणे हा ज्याच्या त्याच्या इच्छेचा प्रश्न आहे, आणि भरतीच्या मैदानावर जागा थोड्या व उमेदवार फार हे दृश्य आपण वर्षानुवर्षे पाहत आलो आहोत. म्हणून इराणमधील अठरा वर्षांच्या मुलाची अवस्था मराठी वाचकाला प्रथम समजावून सांगितली पाहिजे, कारण ती ध्यानात आल्याखेरीज पुढे जो अन्याय सांगायचा आहे त्याचे मर्म कळणार नाही. रझाखान शहा म्हणून गादीवर बसला त्याच्या काही महिने आधी, १९२५ साली, इराणच्या मजलिसने सक्तीच्या लष्करी सेवेचा कायदा मंजूर केला. पुढे शहांची राजवट गेली, क्रांती झाली, इस्लामी प्रजासत्ताक स्थापन झाले. परंतु प्रत्येक सशक्त पुरुषाने आयुष्याची दीड-दोन वर्षे सरकारच्या हवाली केली पाहिजेत हे तत्त्व कोणत्याही राज्यकर्त्याने सोडले नाही. शिक्षण चालू असेल तर मुदत पुढे ढकलता येते, गंभीर आजार असेल किंवा वृद्ध मातापित्यांचा एकमेव आधार असेल तर सूट मिळू शकते. बाकीच्यांना ही चाकरी चुकत नाही. ती पुरी केल्याचे कार्ड हाती पडेपर्यंत साधारण माणसाला पासपोर्ट मिळत नाही, सरकारी नोकरी मिळत नाही, आणि देशाबाहेर कायदेशीर मार्गाने पाऊल टाकणे दुरापास्त होते.

हा मुलगा कोणत्या दलात जाणार, हे तो स्वतः ठरवीत नाही. देशाचे जुने नियमित सैन्य, पोलीस दल, आणि १९७९ च्या क्रांतीनंतर आयातुल्ला खोमेनी यांच्या हुकुमाने उभे राहिलेले क्रांतिरक्षक दल, ज्याला इराणी लोक नुसते ‘सेपाह’ म्हणतात, अशा तीन ठिकाणी मुख्यतः ही भरती वाटली जाते. अमुक तारखेस अमुक केंद्रावर हजर व्हावे असा कागद त्याच्या हाती येतो, आणि त्यावर कोणत्या दलाचे नाव असावे हे दफ्तरातील निकडीवर अवलंबून असते. एकाच गल्लीत वाढलेले, एकाच बाकावर शिकलेले दोन मित्र डोकी भादरून एकाच आठवड्यात घराबाहेर पडतात. एक नियमित सैन्याच्या छावणीत पोहोचतो, दुसरा सेपाहच्या. प्राथमिक कवायत आणि बंदूक हाताळण्याचे शिक्षण झाल्यावर या दुसऱ्याच्या वाट्याला फाटकावरचा पहारा येतो, किंवा भटारखान्यातील पातेली येतात, किंवा अधिकाऱ्याची मोटार हाकणे येते. लिहितावाचता असला तर कचेरीत नोंदी करीत बसणे, आणि वैद्यकीची पदवी असली तर छावणीच्या दवाखान्यात रोगी तपासणे. सेपाहचे कायम पगारी पासदार ही एक जात, आणि मुदतीपुरता आणलेला हा सरबाज ही अगदी निराळी जात, हे इराणमधील शाळकरी पोरालाही ठाऊक असते. मुदत संपते, कार्ड मिळते, आणि तो माणूस आपल्या धंद्याला, शिक्षणाला किंवा, नशिबाने ओढले तर, निर्वासिताच्या वाटेला लागतो.

अशा सहस्रावधी माणसांच्या आयुष्यातील ती विसरली गेलेली दीड-दोन वर्षे एका दिवसात जिवंत झाली. ८ एप्रिल २०१९ रोजी अमेरिकेच्या अध्यक्षांनी क्रांतिरक्षक दल ही परकीय दहशतवादी संघटना असल्याचे घोषित केले, आणि १५ एप्रिलपासून ती घोषणा अमलात आली. दुसऱ्या देशाच्या सरकारी सैन्याच्या एका अंगाला अमेरिकेने अशा यादीत घालण्याचा तो पहिलाच प्रसंग होता, आणि त्यामुळे कोणाच्या ध्यानीमनी नसलेली अडचण उभी राहिली. यादीतील इतर संघटना या खाजगी टोळ्या. त्यांत माणूस सामील होतो तो बहुधा आपल्या इच्छेने, किंवा निदान कायद्याने त्याला तेथे पाठविलेले नसते. येथे मात्र ज्या संघटनेत जाण्याची सक्ती एका सार्वभौम राष्ट्राच्या कायद्याने केली, त्याच संघटनेत गेल्याबद्दल दुसऱ्या सार्वभौम राष्ट्राचा कायदा त्या माणसाला जबाबदार धरू लागला.

अमेरिकेच्या स्थलांतर कायद्यातील दहशतवादविषयक कलमे १९९० पासून क्रमाक्रमाने वाढत गेली, आणि २००१ व २००५ च्या कायद्यांनी त्यांचे जाळे फारच रुंद केले. यादीतील संघटनेचा सभासद असणे, तिच्याकडून लष्करी स्वरूपाचे शिक्षण घेणे, तिला कोणत्याही प्रकारचे भौतिक साहाय्य करणे, यांपैकी एकही गोष्ट प्रवेश नाकारण्यास पुरेशी होते. शिवाय जी संघटना यादीत नाही, परंतु जिचे वर्तन व्याख्येत बसते असे अधिकाऱ्याला वाटते, तिलाही हीच कलमे लागू होतात. त्यामुळे ज्यांची सेवा २०१९ च्या कितीतरी आधी, काहींची तर दोन दशकांपूर्वी, संपली होती, तेही या जाळ्यात अडकले. तो तेथे स्वतःच्या मर्जीने होता काय, आणि तेथे त्याने कोणाचे काही वाईट केले काय, हे दोन प्रश्न कोणत्याही समंजस न्यायाधीशाने प्रथम विचारले असते. कायद्याच्या मूळ शब्दांत मात्र त्यांना जागाच ठेवलेली नाही.

व्यवहारात हे कसे घडते ते पाहावे. १९८० पासून इराणशी राजनैतिक संबंध तुटलेले असल्यामुळे तेहरानात अमेरिकेची वकिलात नाही. म्हणून इराणी अर्जदाराला पदरचे पैसे खर्चून अंकारा, येरेव्हान किंवा अबुधाबी गाठावे लागते. अर्जात लष्करी सेवेची एक बाब असते: आपण कधी सैन्यात होता काय, असल्यास कोणत्या देशाच्या, कोणत्या दलात, कोणत्या हुद्द्यावर, कोणते काम करीत, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत. काही अर्जदारांकडून याउपर पंधरा वर्षांचा प्रवास, पत्ते आणि नोकऱ्या यांची कैफियत मागविली जाते. आता या माणसाने ‘सेपाह’ असे खरे लिहिले तर दहशतवादाचे कलम त्याच्या अंगावर येते. खोटे लिहिले आणि उघडकीस आले तर खोट्या निवेदनाबद्दल कायमची बंदी येते. बहुतेक जण खरे लिहितात. ज्या माणसाजवळ लपविण्यासारखे काही नाही त्याचा खरेपणाच त्याच्या संसाराच्या मुळावर यावा, ही या व्यवस्थेतील मला सर्वांत दुःसह वाटणारी गोष्ट आहे.

आणि हा संसार पुष्कळदा निर्वासितांचा असतो. इराणमधून परागंदा होणाऱ्यांत बहाई आहेत, ज्यांना आपल्या धर्मामुळे विद्यापीठाचे दरवाजे बंद असतात. ख्रिस्ती धर्म स्वीकारलेले आहेत, राजकीय बंदी आहेत, लेखक आणि कामगार-कार्यकर्ते आहेत. छळ करताना सरकार यांना परके मानते, पण शिपाई हवे असतात तेव्हा त्यांना आपले म्हणते. यांतील अनेक जण प्रथम तुर्कस्तानात उतरतात. तुर्कस्तानने १९५१ चा निर्वासितविषयक करार स्वीकारला तो केवळ युरोपातून येणाऱ्यांपुरता. सबब इराणी माणसाला तेथे कायमचा आसरा मिळत नाही, तिसऱ्या देशाने बोलावीपर्यंत सशर्त मुक्काम तेवढा मिळतो. सरकार नेमून देईल त्या शहरात राहायचे, ठराविक दिवशी कचेरीत जाऊन हजेरीची सही करायची, परवानगीवाचून शहराची हद्द ओलांडायची नाही, अशा अटींवर तेथे वर्षे निघून जातात. अशा कुटुंबाला एके दिवशी अमेरिकेत पुनर्वसनाची संधी येते, आणि मुलाखतीत नवऱ्याच्या विशीतल्या चाकरीचा विषय निघतो. त्यानंतर काय होईल हे कोणी सांगत नाही. अर्ज ‘प्रशासकीय छाननीत’ आहे एवढेच उत्तर मिळत राहते. तेही कधी महिनोनमहिने, कधी वर्षानुवर्षे. बायकोने मुले घेऊन पुढे जावे की नवऱ्यासाठी सर्वांनी थांबावे, याचा निर्णय त्या दोघांना एका भाड्याच्या खोलीत बसून करावा लागतो. जे आधी जाऊन पोहोचले त्यांनाही सुटका नाही: आश्रय मिळालेल्या निर्वासिताला पती वा पत्नी व अज्ञान मुले यांच्यासाठी दोन वर्षांच्या आत अर्ज करण्याचा हक्क अमेरिकेचा कायदा देतो, परंतु येणाऱ्या माणसाची छाननी पुन्हा त्याच कलमांनी होते. यावर २०१७ मध्ये आणि पुन्हा २०२५ मध्ये इराणी नागरिकांवर घातल्या गेलेल्या सरसकट प्रवेशबंदीची भर पडली.

सक्तीचा विचार करायचा नाही, ही कठोरता कायद्यात आली कोठून, याचा मागोवा घेतला तर आपण दुसऱ्या महायुद्धापाशी जाऊन पोहोचतो. फ्योदोर फेदोरेन्को नावाचा युक्रेनियन इसम १९४१ साली सोव्हिएत फौजेत भरती केला गेला, लवकरच जर्मनांच्या कैदेत पडला, आणि पुढे त्रेब्लिंका येथील मृत्युछावणीत पहारेकरी झाला. १९४८ च्या विस्थापितविषयक कायद्याखाली तो आपली हकीकत लपवून अमेरिकेत शिरला आणि १९७० मध्ये नागरिकही झाला. आपण कैदी होतो, आपल्यावर बळजबरी झाली, असे त्याचे म्हणणे होते; परंतु त्या कायद्याच्या संबंधित पोटकलमात ‘स्वेच्छेने’ हा शब्द नाही, म्हणून सक्तीचा बचाव विचारात घेता येत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९८१ साली दिला. त्रेब्लिंकाच्या फाटकापाशी बंदूक घेऊन उभ्या राहिलेल्या माणसाविषयी एखाद्या न्यायाधीशाचे मन द्रवले नाही, यात मला नवल वाटत नाही. परंतु तो निकाल पुढे सर्व निर्वासितांच्या मानगुटीस बसला. इरिट्रियातील एका तरुणाला सक्तीने लष्करात घेतले गेले. इथिओपियाविरुद्ध लढण्यास त्याने नकार दिला तेव्हा त्याला दोन वर्षे तुरुंगात डांबून, मारहाण करून, उन्हात उभे करून छळले, आणि नंतर त्याच तुरुंगावर पहारेकरी नेमले. तो पळाला, जहाजावरील एका कंटेनरात लपला आणि अमेरिकेस पोहोचला. कनिष्ठ अधिकाऱ्यांनी त्याला फेदोरेन्कोचाच न्याय लावून आश्रय नाकारला. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की १९८० चा निर्वासित कायदा निराळा आहे, जुना निकाल त्याला आपोआप लागू पडत नाही, फेरविचार करावा. २०१८ मध्ये स्थलांतरविषयक अपील मंडळाने सक्तीचा मर्यादित बचाव मान्य केला. २०२० मध्ये अ‍ॅटर्नी जनरलनी तो फिरविला. पुढच्या वर्षी नव्या अ‍ॅटर्नी जनरलनी प्रकरण पुन्हा आपल्याकडे घेतले. अशा माणसाला यातनांच्या भयामुळे मायदेशी धाडता येत नाही, म्हणून राहू देतात. पण आश्रिताचा दर्जा नसल्यामुळे त्याला बायकोमुलांना बोलावण्याचा हक्क मिळत नाही.

फेदोरेन्को आणि इरिट्रियन तरुण यांच्या हातून निदान कोणाला तरी इजा झाली असावी, असा युक्तिवाद करता येतो. सेपाहच्या भटारखान्यातील सरबाजाबद्दल तोही करता येत नाही. तरीही स्वयंपाकदेखील कायद्याच्या कचाट्यातून सुटत नाही, हे २०१८ च्या दुसऱ्या एका निकालाने दाखविले. एल साल्वादोरमधील एका स्त्रीला १९९० साली बंडखोरांनी पळवून नेले, तिच्या नवऱ्याला ठार केले, आणि तिला धाकात ठेवून स्वयंपाक, धुणे व झाडलोट करायला लावली. अपील मंडळाने बहुमताने ठरविले की हेही भौतिक साहाय्यच होय. साहाय्याचे प्रमाण किती अल्प आहे हा प्रश्न गैरलागू. ज्या बाईचे कुंकू ज्यांनी पुसले, त्यांच्याच भाकऱ्या थापल्याबद्दल तिला त्यांची साहाय्यकर्ती ठरविणारा हा निकाल वाचताना माझा कायद्याच्या पंडितांविषयीचा आदर डळमळीत झाला, हे मी मोकळेपणाने सांगतो.

अशा निर्णयांविरुद्ध दाद कोठे मागावी? अफगाणिस्तानातून निर्वासित म्हणून २००० साली आलेल्या आणि पुढे अमेरिकन नागरिक झालेल्या एका स्त्रीने आपल्या नवऱ्यासाठी अर्ज केला. नवरा सैनिक नव्हता. तालिबानच्या काळातही जे सरकारी खाते चालू राहिले त्यात तो पगारपत्रके लिहिणारा कारकून होता. व्हिसा नाकारताना दहशतवादाच्या कलमाचा आकडा तेवढा कळविला गेला, कारण सांगितले गेले नाही. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी तिची फिर्याद फेटाळली. आणि २०२४ मध्ये दुसऱ्या एका दांपत्याच्या प्रकरणात न्यायालयाने आणखी पुढे जाऊन सांगितले की परदेशी जोडीदाराला देशात आणता यावे हा नागरिकाचा मूलभूत हक्कच नव्हे. मानवी हक्कांच्या १९४८ च्या जाहीरनाम्यात कुटुंब हा समाजाचा नैसर्गिक व मूलभूत घटक असून त्याला समाज व राज्य यांच्या संरक्षणाचा हक्क आहे असे म्हटले आहे; निर्वासितांच्या १९५१ च्या करारात मात्र कुटुंबाच्या एकत्वाचा हक्क कलम म्हणून आलाच नाही, परिषदेच्या अंतिम ठरावात सरकारांना शिफारस तेवढी केली गेली. आजच्या दुःखाचा पुष्कळसा भाग या तफावतीतून आला आहे.

जर्मनीत एक उलटी कोंडी पाहायला मिळाली. इरिट्रियाच्या १९९५ च्या फर्मानाप्रमाणे राष्ट्रीय सेवा अठरा महिन्यांची; पण १९९८-२००० च्या इथिओपिया युद्धानंतर तिला अंतच उरला नाही, आणि संयुक्त राष्ट्रांच्या चौकशी आयोगाने २०१६ मध्ये तिला गुलामगिरीत गणले. या वेठीतून पळालेल्यांपैकी काहींना जर्मन कचेऱ्या सांगत की कागदपत्रांसाठी आपल्याच देशाच्या वकिलातीत जा. तेथे गेल्यावर आपण राष्ट्रीय सेवा पुरी न करून गुन्हा केला, त्याचा पश्चात्ताप होतो व योग्य ती शिक्षा मान्य आहे, अशा मजकुरावर सही मागितली जाई. असे पत्र देण्याची सक्ती निर्वासितावर करता येत नाही, असा निकाल जर्मनीच्या संघीय प्रशासकीय न्यायालयाने ऑक्टोबर २०२२ मध्ये दिला. म्हणजे एका देशातल्या माणसाने सेवा केली म्हणून घर तुटते, आणि दुसऱ्या देशातल्या माणसाने ती केली नाही म्हणून.

दुसरी बाजू हलकी नाही, आणि ती हलकी करून सांगणे अप्रामाणिकपणाचे होईल. ८ जानेवारी २०२० रोजी तेहरानहून निघालेले युक्रेनचे प्रवासी विमान सेपाहच्याच क्षेपणास्त्रांनी पाडले आणि १७६ माणसे प्राणास मुकली. मृतांत कॅनडाचे नागरिक आणि रहिवासी फार होते, आणि सेपाहला दहशतवादी ठरवा ही मागणी कॅनडात सर्वांत निकराने लावून धरली ती या शोकाकुल कुटुंबांनी. १९ जून २०२४ रोजी कॅनडानेही ते केले. इराणच्या रस्त्यांवर निदर्शकांचे रक्त सांडण्यात सेपाहचा वाटा आहे. कोण सरबाज होता आणि कोण पासदार, हे परक्या देशातील अधिकाऱ्याला ओळखणे सोपे नाही, कागद खोटे असू शकतात, आणि एखादा दोषी माणूस सक्तीचा बुरखा पांघरून येऊ शकतो, हेही खरे. परंतु अवघड छाननी टाळण्यासाठी छाननीच न करणे याला सावधगिरी म्हणता येणार नाही. सेपाहचा पहिला उपद्रव ज्यांनी सोसला ते इराणी लोकच आहेत, आणि ज्याला त्या दलाने वयाच्या अठराव्या-विसाव्या वर्षी घरातून उचलून नेले तोही त्यांतलाच एक आहे.

अशी छाननी करता येते, याचे नमुने उपलब्ध आहेत. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०१३ मध्ये, निर्वासिताला अपराधात भागीदार ठरवायचे असेल तर त्याचा सहभाग स्वेच्छेचा, जाणीवपूर्वक आणि लक्षणीय असला पाहिजे, अशी कसोटी घालून दिली. ती दहशतवादाच्या कलमासाठी दिलेली नाही, पण विचाराची दिशा तीच असावयास हवी. खुद्द अमेरिकेच्या कायद्यातही परराष्ट्रमंत्री व अंतर्गत सुरक्षा मंत्री यांना ही कलमे विशिष्ट व्यक्तींना वा गटांना लागू न करण्याचा अधिकार आहे. तो वापरला गेलेला आहे: बळजबरीने साहाय्य करावे लागलेल्यांसाठी २००७ मध्ये, बळजबरीने लष्करी शिक्षण घ्यावे लागलेल्यांसाठी २०११ मध्ये, आणि तालिबानच्या अमलाखाली सरकारी नोकरी केलेल्या अफगाणांसाठी २०२२ मध्ये. नेल्सन मंडेला आणि त्यांच्या पक्षाच्या लोकांना अमेरिकेत शिरण्यासाठी २००८ पर्यंत अशीच खास सवलत लागत होती, मग काँग्रेसने कायदा करून ती अडचण दूर केली. पण या सवलतीसाठी अर्जदाराला अर्ज करता येत नाही, नमुनाच नाही. अधिकाऱ्याच्या मनात आले तरच तो विचार करतो, आणि नकारावर अपील चालत नाही.

इराणी-अमेरिकन कुटुंबे मागतात ते इतकेच, की मंत्र्यांनी हाच अधिकार सक्तीच्या सरबाजांसाठी वापरावा, आणि सरसकट माफी न देता प्रत्येकाची स्वतंत्र तपासणी करावी: भरती सक्तीची होती काय, हुद्दा कोणता, काम कोणते, मुदत संपताच दल सोडले काय, त्यानंतर त्याच्याशी संबंध राहिला काय. यांतील बहुतेक उत्तरे अर्जातील लष्करी सेवेच्या त्या एका बाबीत अर्जदाराने आधीच लिहून दिलेली असतात. भरती सक्तीची होती काय, हा प्रश्न मात्र तेथे छापलेला नाही. तो छापायला नवा कायदा लागत नाही.